नऊ वाजताची सुई

एका कुत्रीला सकाळी नऊ वाजता दुखणं कमी करणारी सुई द्यायची होती. ती मी दिली नाही. केस पेपरवर मात्र 'दिली' असं लिहिलं, वेळ टाकली आणि खाली सही केली. दुपारी मॅडमनी तोंडावर विचारलं, तेव्हाही 'दिली' असंच म्हणालो. त्या एका शब्दापायी काय झालं, ते मी पुढे आठ-नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. आता मॅडमविषयी लिहायला बसलो आहे, तर आधी हे लिहिणं भाग आहे. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोट्या माणसाने केलेलं कौतुक ठरेल.

तेलगावापासून थोड्या आत असलेल्या एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. तिथे मी व्रणोपचारक होतो. पदाचं नाव भारी आहे, काम साधं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सांगितलेल्या सुया द्यायच्या, डॉक्टर कापत असले की जनावर धरायचं. मॅडम तिथल्या डॉक्टर. बदलून आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. अंगाने काटक, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी बूट. वडील शाळामास्तर होते, घर लिंबागणेशला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पदवीवर पदवी होती, पण बोलणं अगदी गावातलं. आणि त्या बोलण्याची एक तऱ्हा होती. माणसांना त्या 'बे' म्हणत आणि जनावरांना अहो-जाहो करत.

"बाई, जरा पाय इकडं घ्या. लई कळ येती का? बसा, बसा, उठू नका." हे कुत्रीला. आणि कुत्रीच्या मालकाला, मग तो सोसायटीचा चेअरमन का असेना, "काय बे, उगं मधी मधी काय करायलास? सरक तिकडं."

एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. आधी कळवलं नव्हतं. टेबलापाशी कुणी नाही, खुर्ची मोकळी. साहेबांनी मला विचारलं, "मॅडम कुठे आहेत?" मी म्हणालो, "खाली आहेत." साहेबांनी खाली बघितलं. मॅडम फरशीवर पोतं अंथरून एका कुत्रीच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. बूट काढून उशाला घेतलेले. न वळताच म्हणाल्या, "थांब बे जरा. ह्या बाईंचं व्हायचंय अजून."

साहेब पंधरा मिनिटं उभे होते. जाताना मला म्हणाले, "ह्यांचं डोकं ठीक आहे ना?" तेव्हा मलाही नक्की सांगता आलं नसतं.

मॅडम आमच्याकडे आल्या आणि गावोगावच्या कुत्र्या दवाखान्यात यायला लागल्या. त्याआधी कुत्री कुणी आणायचंच नाही. दर वर्षी दोनदा व्यायची, पिल्लं कुणी पोत्यात घालून ओढ्याला सोडायचं. मॅडमनी वस्त्यांवर जाऊन सांगितलं, गर्भाची पिशवी काढून देते, आणा. लोक आणायला लागले. कापणं त्यांचं सफाईचं होतं, पण तसं इतरांचंही असतं. मॅडमचं वेगळेपण सुरू व्हायचं ते टाके घालून झाल्यावर.

इतर ठिकाणी कुत्री शुद्धीवर आली की मालकाच्या हवाली. मॅडम दोन रात्री ठेवून घेत. दुखण्याची पहिली सुई तर कापायच्या आधीच देत. मी एकदा म्हणालो, अजून दुखायला लागलंच नाही, तर आता कशाला? त्या म्हणाल्या, "तहान लागल्यावर आड खांदतोस का बे तू?" मग दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी एक, ठरल्या वेळेला. त्यात पाच-दहा मिनिटं इकडची तिकडं झालेली त्यांना चालत नसे.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायला रंगाच्या रिकाम्या बादल्या बूड कापून ठेवलेल्या असत. लोक हसत, "मॅडमची कुत्री बादली घालून पानी भरायला चालली." ज्या कुत्रीला बादली सोसायची नाही तिला बनियन घालायचं. तेही मालकाचंच, अंगात घातलेलं, न धुतलेलं. बिचारे मालक दवाखान्याच्या आवारात शर्ट काढून, बनियन काढून, परत शर्ट घालत. एक जण लाजून नवंकोरं बनियन विकत घेऊन आला. मॅडमनी ते परत केलं. "तिला दुकानाचा वास कशाला देतोस? तुझा दे."

आणि आरसा. हे सांगितल्याशिवाय मॅडम डोळ्यांपुढे उभ्या राहायच्या नाहीत. त्यांच्याकडे न्हाव्याकडे असतो तसा एक गोल आरसा होता. तो त्या भिंतीला टेकवून ठेवत, कुत्रीकडे पाठ करून बसत आणि आरशातून तिच्याकडे बघत. डबा तिथेच उघडायचा. भाकरी, भाजी, ठेचा. जेवण चाले तोवर एक शब्द नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, बाई स्वतःचं तोंड बघत जेवतात की काय.

"जनावर बगनाऱ्यापासून दुखनं लपवतंय," त्यांनी एकदा सांगितलं. "तू समोर उभा राहिलास की ती शेपटी हलवनार. मालक आला की उठून उभी राहनार. ते तुमच्यासाठी असतंय. एकटी असली की काय करती, ते बगायचं."

एक मास्तर आपली कुत्री न्यायला आले होते. त्यांना बघून ती शेपटी हलवत उठली. मास्तर खूश. "बघा मॅडम, एकदम टकाटक." मॅडम आरशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बस हितं. तोंड तिकडं कर. शेपटी बगू नको, पाठ बग." मास्तर बसले, मी त्यांच्या मागे वाकलो. मास्तरांची पाठ वळल्यावर शेपटी थांबली. पाठीची कमान झाली. ती बसायला गेली, अर्ध्यात थांबली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसायला गेली. शेवटी बसली ती पुढच्या पायांवर भार देऊन, पोट जमिनीला लागू न देता. डोळे अर्धे मिटलेले. मास्तरांच्या तोंडातून "अरे" एवढंच निघालं. त्याच मास्तरांनी महिन्यापूर्वी तिच्या लंगडण्यावर आपली कंबरदुखीची गोळी घातली होती आणि काळी शी करू लागल्यावर घाबरून आणली होती. मॅडमनी तेव्हा त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "तुझी गोळी तिच्या आतड्याला जाळती. शिकलेला माणूस ना बे तू?"

बघून झालं की मॅडम उठत, टाक्यांपासून वीतभर लांब दोन बोटं टेकवत आणि हळूहळू जवळ आणत. बोटं कुठे आहेत ते बघत नसत. डोळा बघत, कान बघत. कुठे कान मागे जातो, कुठे श्वास थांबतो. मग एक वाक्य. "आज बरं हाय." किंवा "रातीपर्यंत सोसंल, सकाळी न्हाई सोसायचं." दोन वर्षांत मी त्यांचं एक वाक्य चुकलेलं बघितलं नाही. शिकायचा प्रयत्न मीही केला. चोरून त्या आरशात बघायचो. मला कुत्री दिसायची, दुखणं दिसायचं नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर होता की भीती, मला ठरवता येत नसे. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी त्यांच्या त्या पाठमोऱ्या बसण्याकडे बघून वाटायचं, एवढं खरं.

दिवाळीच्या आधी कौसाबाई आली. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, हंगामभर कारखान्यापाशी पाचटाच्या कोपीत, एरवी गावाबाहेरच्या वस्तीवर. काखेत पांढरी कुत्री, ढवळी. बकरीचं करडू आणावं तशी आणलेली.

"डॉक्टरीनबाई, हिची पिशवी काढून टाका. दर साली कोपीवर वितीय. पिल्लं गाडीच्या चाकाखाली जात्यात. मला बगवंना."

"निघायचं कवा हाय?"

"दिवाळी झाली की. बारा-तेरा दिस हायेत."

"तेवढ्यात टाके सुकतील. पन पळू द्यायची न्हाई."

"न्हाई पळू देत. मला ठाव हाय नव्हं. माजी बी काढलीय."

मॅडम केस पेपर लिहीत होत्या, त्या थांबल्या. "कवा?"

"झाली की चार सालं."

"किती दिसांनी उठलीस?"

"चवथ्या दिशी चुलीपुढं. पंधरा दिसांनी डोक्यावर मोळी."

"दुखत नव्हतं?"

"दुखत हुतं की," कौसाबाई हसून म्हणाली. "कुनी इचारलं?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. ढवळीचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी कौसाबाईला लगेच घरी जाऊ दिलं नाही. स्वतःच्या शेजारी पोत्यावर बसवलं, आरसा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तू बग. तुला माज्यापरीस जास्त कळंल."

कौसाबाईने बघितलं. भाकरीचा एक घास खाऊन होईपर्यंत बघितलं. म्हणाली, "डावी कूस जपतीय. पन सोसन्यासारखं हाय." मॅडमनी बोटं फिरवली. ढवळीचा कान डाव्या बाजूला मागे गेला. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्सं झाली तुला, बे. ह्या बाईला दोन मिंटं लागली." मला राग आला होता, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना दुसऱ्या गावी लसीकरण होतं. आठ वाजता निघताना गाडीवर बसून म्हणाल्या, "नवाला सुई. इसरू नको."

पावणेनऊला अप्पांचा फोन आला. अप्पा आमच्या भावकीतले, पुढारी माणूस, पंचायत समितीत वजन. त्यांची जर्सी गाय पुढच्या पायाने लंगडत होती.

"अप्पा, मॅडम दुपारी येतील. त्यांना सांगतो."

"तिला कावून सांगायचं? तू आपल्यातला हायेस ना? मग तूच ये. आन् भारीतली सुई घेऊन ये."

भारीतली सुई म्हणजे ढवळीला द्यायचं तेच दुखण्याचं औषध. दवाखान्यात त्याची एकच बाटली उरली होती, नवा साठा यायचा होता. गाईला सगळी बाटली लागते. ढवळीला लागायचं औषध इतकं थोडं, की ते सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसावं. जाण्याआधी तेवढं काढून तिला टोचायला एक मिनिट पुरलं असतं. पिंजरा दारापासून पाच पावलांवर होता. मी बाटली खिशात घातली आणि गाडीला किक मारली. 'आपल्यातला' या शब्दात काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मॅडम आपल्यातल्या नव्हत्या, हा त्याचा अर्थ. अप्पांच्या घरी त्या कधी गेल्याच, तर त्यांचा चहा वेगळ्या कपात यायचा. ते मी बघितलेलं होतं आणि त्याबद्दलही कधी बोललो नव्हतो.

अप्पांकडे चहा झाला, गाय दाखवली, सगळी बाटली गाईला गेली. अकरा वाजता परत आलो. ढवळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडली होती. ओरडत नव्हती, कण्हत नव्हती. मी मनाशी म्हणालो, ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. दोन वर्षं त्या बाईंच्या हाताखाली काढून मी हे म्हणालो. केस पेपर ओढला आणि लिहिलं: ९.००, दिली.

दोनच्या सुमाराला मॅडम आल्या, त्यांच्यामागून कौसाबाई. दोघी आरशापुढे बसल्या. मग कौसाबाई म्हणाली, "कालच्यापरीस आज लई हाय, डॉक्टरीनबाई."

मॅडमनी बोटं टेकवली. वीतभर लांब टेकवली तरी ढवळीने अंग आखडलं. धाप लागलेली, पाय थरथरत होते. मॅडमनी नाडी बघितली, ओठ उलटून हिरड्या बघितल्या. गोचिडांनी पोखरलेली कुत्री, तिच्या हिरड्या मुळातच फिक्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सकाळची दिली ना बे?"

"दिली, मॅडम."

"किती वाजता?"

"नऊ वाजता. लिहिलंय."

त्यांनी कागद उचलला, वाचला. मी सांगू शकत होतो. त्या रागावल्या असत्या, बादली फेकून मारली असती, औषध मागवून सुई दिली असती आणि संध्याकाळपर्यंत ढवळी कुशीवर झोपली असती. माझ्या 'दिली'मुळे ती वाटच बंद झाली. एकदा दिलेलं औषध त्याच दिवशी पुन्हा देता येत नाही, मूत्रपिंडाला बाधतं. आणि औषध देऊनही इतकं दुखत असेल, तर त्याचा अर्थ एकच. आत काहीतरी सुटलंय. रक्तवाहिनीवर बांधलेली गाठ निसटली, रक्त पाझरतंय.

बीडला न्यायला वेळ नव्हता. दोन्ही बायांच्या डोळ्यांना दुखणं दिसत होतं, नुसतं दुखणं. दुसरं काही नाही. पण माझा कागद दुसरंच सांगत होता, आणि मॅडमनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला.

"टेबल पूस," त्या म्हणाल्या. "परत उघडावं लागतंय."

त्यांनी भूल दिली, कापायच्या जागी बधीर करणारं औषध टोचलं आणि कालचे टाके कापले. मी दिवा धरून उभा होतो. दिव्याचा उजेड सरळ पोटात पडत होता. आत सगळं कोरडं होतं. एक थेंब रक्त नाही. मॅडमनी एकेक गाठ बोटाने वर घेतली, बघितली, खाली ठेवली. तिन्ही जागेवर होत्या, काल बांधल्या तशाच. त्या पुन्हा पहिल्या गाठीपासून बघायला लागल्या. तिसऱ्यांदाही बघितल्या. उजेड जरा बाजूला गेला. त्या म्हणाल्या, "नीट धर." मी नीट धरला. तेवढंच केलं मी.

पोट शिवून झाल्यावर त्या हात न धुताच बाहेर गेल्या. ओट्यावर कौसाबाई बसली होती. तिच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "आत काईच नव्हतं. मी तिला उगंच कापलं. माजी चूक झाली."

एका ऊसतोड करणाऱ्या बाईपुढे, आवारात चार माणसं बसलेली असताना, मॅडमनी न केलेली चूक कबूल केली. ज्याने केली होती तो दारात दिवा हातात घेऊन उभा होता. कौसाबाई म्हणाली, "असू द्या. तिच्या भल्यासाठीच केलं नव्हं तुमी."

बाटली अप्पांच्या गाईला संपली, एवढंच मी सांगितलं; त्या दिवशीच माणूस पाठवून तेलगावहून नवी मागवली. तिसऱ्या दिवसाची सुई मॅडमनी स्वतः दिली. दुपारी ढवळी कुशीवर पाय ताणून झोपली. मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या, "एकदा कापलं तर इतकं दुखलं, आन् दोनदा कापल्यावर कमी दुखतंय. ह्ये कसं बे?"

मी पट्टीचा गोळा गुंडाळत होतो. म्हणालो, "मला काय माहीत, मॅडम."

दुसऱ्या कापण्याची जखम चिघळली. कौसाबाईचं कुटुंब निघालं तेव्हा ढवळीला नेता आलं नाही. ट्रॅक्टर निघाला, ट्रॉलीत बसलेली कौसाबाई दवाखान्याकडे बघत होती. ढवळी पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बसली, तीन दिवस खाल्लं नाही. त्या वर्षीचा सगळा हंगाम ती मॅडमच्या खोलीवर राहिली. ती जगली, गुढीपाडव्याला कौसाबाई परत आली तेव्हा तिच्या अंगावर झेपावली, आणि आणखी काही वर्षं जगून म्हातारी होऊन गेली. त्यामुळे मी कित्येकदा मनाला समजावलं, की जाऊ दे, शेवट गोड झाला.

पण मॅडमचं काय झालं ते मी रोज बघत होतो. आरसा त्यांनी कपाटात ठेवला. मी एकदा काढून भिंतीला टेकवला, तर म्हणाल्या, "ठेव तो आत. मला दिसंना झालंय." डबा टेबलावर खायला लागल्या. कुत्री तपासायच्या, पण आता आधी विचारायच्या, "कागद काय म्हनतोय?" कागद बरोबर असला की मान हलवून पुढे जायच्या. एका कुत्रीचा टाका आतून पिकला होता. पूर्वी त्यांनी तो एका भाकरीच्या वेळात ओळखला असता. आता दोन दिवस गेले. ती वाचली. ते दोन दिवस तिने जे सोसलं, ते मी सोसायला लावलं होतं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांना हार घातला. चार शब्द बोललोही. त्यात 'प्रामाणिक' हा शब्द होता.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेले तरुण डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले, "मी लिंबागणेशला जाऊन आलो. सगळे सांगतात, त्या मॅडमना जनावराचं दुखणं नुसतं बघून कळायचं. म्हटलं शिकावं. तर म्हणाल्या, माझ्याकडून शिकू नको. माझी नजर पक्की नव्हती. मी एकदा चांगल्या कुत्रीचं पोट उगंच फाडलंय."

मी त्या रात्री झोपलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोपलो. पण सकाळी उठून रजेचा अर्ज दिला आणि गाडी धरली.

मॅडम अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून म्हणाल्या, "काय बे, वाट चुकलास का? का पेन्शनचं काई अडलंय?"

"नाही, मॅडम. एक सांगायचं होतं."

"मग बस की. उभ्यानं कावून सांगतोस?"

मी बसलो नाही. वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो, तीच सुरू केली. "मॅडम, माझ्या सेवाकाळात माझ्याकडून एका प्रकरणी जो निष्काळजीपणा झाला, त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी..."

"ह्यो खुलासा कुनाला द्यायलास?" त्या म्हणाल्या. "मला काय नोटीस काढायची हाय का? सरळ सांग."

"ढवळीची सकाळची सुई," मी म्हणालो. "अप्पांची गाय होती, मॅडम. बाटली एकच होती आणि अप्पांचा फोन..."

सूप थांबलं. "गायीचं नको सांगू. तिला दिली का न्हाई?"

"नाही दिली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे पहिल्या दिसाची एक, त्यावर ती दुसऱ्या दिसाच्या दुपारपर्यंत तशीच. आन् तशातच मी तिला परत कापलं." बोटांवर तास मोजत होत्या. आवाज चढला. "लेका, ती बाई तोंड कोपऱ्यात घालून पडली हुती रे. तू हुतास ना तिथं? पाच पावलांवर हुतास ना?"

"होय."

"आन् कौसा म्हनाली हुती."

"होय. तुम्हीही बोटं टेकवून बघितलं होतं. तुम्हाला दोघींना बरोबर दिसलं होतं."

त्या उठून आत गेल्या. मी अंगणात उभा राहिलो. शेजारच्या घरातली एक बाई दारात येऊन बघून गेली. मला वाटलं, आता निघावं. मग त्या दारात आल्या. डोळे पुसलेले होते. चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांग. काई गाळू नको."

मी टोपी काढली.

"मी सुई दिली नाही. दिली म्हणून लिहिलं. तुम्ही विचारलं तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही पोट उघडलं तेव्हा दिवा धरून उभा राहिलो, तुम्ही तीनदा गाठी बघितल्या, तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही कौसाबाईपुढे माझी चूक आपल्या अंगावर घेतली, ती मी घेऊ दिली. तुम्ही आरसा ठेवून दिला तेव्हा का ठेवला ते मला माहीत होतं. आत काही सुटलेलं नव्हतं, मॅडम. ते दुखणंच होतं. तुमची नजर बरोबर होती, तेव्हाही आणि नंतरही. माझं चुकलं. मला माफ करा."